डाव्या बैलाचं औषध

लग्न होऊन मी मिरजगावच्या अलीकडच्या एका वाडीत आले, तेव्हा माहेरून दोन गोष्टी बरोबर आणल्या होत्या. एक स्टीलची कळशी आणि दुसरी गुरांच्या आजारांची अर्धीमुर्धी माहिती. कळशीचं शेजारीपाजारी कौतुक झालं. माहितीला कोणी विचारलं नाही.

ही माहिती वडिलांकडून आलेली. ते नगरला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे सुई डॉक्टर टोचत आणि लाथ वडील खात. संध्याकाळी जेवताना ते आम्हा भावंडांना दिवसभराच्या म्हशी सांगत. दवाखान्यात औषधं दोन तऱ्हेची असतात, असं त्यांचं म्हणणं होतं, काही जनावरासाठी आणि काही मालकासाठी. मालकासाठीचं औषध लाल रंगाचं असायचं आणि त्यात गूळपाण्यापलीकडं फारसं काही नसायचं. "मालक रिकाम्या हातानं गेला, तर घरी जाऊन विळा तापवतो आणि जनावराला डाग देतो," ते म्हणत. "लाल बाटली दिली की निदान तेवढं तरी टळतं." आम्हाला हे फार मजेशीर वाटायचं. तेच औषध आपल्या सासरी लागणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी आले ते त्र्याहत्तर साल. दुष्काळ नुकता सरला होता. त्या दुष्काळात गावातल्या बहुतेकांनी मिळेल त्या किमतीला जनावरं काढून टाकली होती, पण मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलजोडी विकली नाही. ते जोडी घेऊन छावणीत गेले आणि तिथंच बैलांशेजारी पटकूर टाकून राहिले. सासूबाई सांगत, "परत आले तवा बैल वळखू येत हुते, ह्ये येत नव्हते."

त्या जोडीला नावं नव्हती. घरात त्यांना 'उजवा' आणि 'डावा' एवढंच म्हणत. औताला जो ज्या अंगाला चालतो ते त्याचं नाव. आणि बैल आपली बाजू सोडत नाही. वर्षानुवर्षं डावीकडं चाललेल्याला उजवीकडं जुंपलं की तो बिथरतो, नको तिकडं ओढतो. गोठ्यातसुद्धा डाव्याचा खुंटा आतल्या ओल्या कोपऱ्यात आणि उजव्याचा दारापाशी, कोरड्यात. हे सगळं मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं गेलं, कारण मी उजव्याची वैरण डाव्यापुढं टाकली होती आणि दोघंही माझ्याकडं बघत उभे राहिले होते.

पेरणीला पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं औत, धरायची ती आमच्या ह्यांनी, आणि चाड्यावर मूठ मामंजींची. चाडं म्हणजे पाभरीवरचा लाकडी वाडगा. मागून चालत चालत त्यात मुठीतून दाणे सोडायचे असतात. आपल्या मुठीतून पडलेली ज्वारी विरळावी लागत नाही, असं मामंजी सांगत. सासूबाई त्यावर मान हलवत. ती होकाराची होती की नकाराची, हे मला कधी कळलं नाही.

आता आमचे हे. तेव्हा त्यांचं नाव घ्यायची लाज वाटायची आणि आता सवय राहिली नाही, तेव्हा 'हे'च बरं. हे मॅट्रिक झालेले. विज्ञानात त्यांना बरे गुण पडले होते आणि ते किती पडले हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. श्रीगोंद्याकडच्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. एका दिवसात सगळं रान पेरून निघेल, मग बैलांना वर्षभर वैरण कशाला घालायची, असा त्यांचा बिनतोड हिशेब होता. एका संध्याकाळी त्यांनी तो मामंजींना समजावून सांगितला.

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येला चाडं असतंय का?"

"नाही आबा. पेटी असते. बी आपोआप पडतं."

"मंग म्या काय करायचं?"

"तुम्ही बांधावर निवांत बसायचं," हे प्रेमानं म्हणाले. खरंच प्रेमानं म्हणाले, मी तिथंच होते. मामंजी उठून गोठ्यात गेले आणि ट्रॅक्टरचं नाव त्यांनी घरात पुन्हा काढलं नाही.

पुढं पाऊस चांगला झाला. काळी जमीन पोटभर प्याली आणि रानाला वाफसा आला. ओल अशी की माती पायाला चिकटत नाही आणि वाळूनही जात नाही. ज्वारी पेरायची ती अशा वाफशावरच, तो निघून गेला की गेला. दुसऱ्या दिवशी पाभर काढायची असं ठरलं आणि त्याच दिवशी डावा आजारी पडला. अंग तापलं, तोंडातून लाळ गळायला लागली, उजव्या पुढच्या पायानं लंगडायला लागला आणि दुपारनंतर तर खालीच बसला.

मी बघताक्षणी ओळखलं. "आत्याबाई, हा तिवा आहे," मी सासूबाईंना सांगितलं. "तीन दिवसांचा ताप असतो, आपोआप उतरतो. फक्त त्याला कोरड्यात घ्या, एका कुशीवर पडू देऊ नका, आणि जबरदस्तीनं पाणी पाजू नका."

"व्हय गं व्हय," सासूबाई म्हणाल्या. "तू चुलीकडं बघ."

रात्रीच्या जेवणाला मामंजी आले नाहीत. मी ताट गोठ्यात नेलं तर त्यांनी ते तसंच बाजूला सारलं. "त्येनं खाल्लं न्हाई," एवढंच बोलले. सकाळीही तेच. ह्यांनी गोठ्याच्या दारात उभं राहून सांगितलं, "आबा, वाफसा थांबायचा नाही. मी ट्रॅक्टरचं बघतो." मामंजींनी त्यावर बैलाची मान खाजवली.

दुपारचंही ताट परत आलं, तेव्हा सासूबाईंचा धीर सुटला. चुलीपाशी बसून त्या मला म्हणाल्या, "बैल उठंल न्हाईतर न्हाई उठायचा. पर ह्यो मानूस त्येच्या जोडीला बसला, तर म्या कुनाकडं बघू?" तोवर त्या मला कडक बाई वाटत होत्या. मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग लांबच्या वैदाचं नाव निघालं.

हा वैद श्रीगोंद्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात राहायचा. तो लांब राहायचा म्हणून लांबचा नव्हे, तर लांबून औषध द्यायचा म्हणून. त्यानं कधी कुणाच्या गोठ्यात पाय ठेवला नव्हता. जनावर बघायची त्याला गरजच नसे. ज्याच्या हातात जनावराचा कासरा असतो त्यानं अनवाणी त्याच्याकडं जायचं, आणि वैद औषध द्यायचा ते त्या माणसाला. गुण यायचा तो इकडं जनावराला. जनावराची सोय बघता ही पद्धत मला वाईट वाटली नाही. नाहीतर वडिलांच्या दवाखान्यात आडव्या पाडलेल्या म्हशी काय हंबरायच्या!

ह्यांना मात्र हसू आवरेना. "रेडिओसारखं का? तिकडं बटन दाबलं की इकडं बैल उठतो?"

"मंग रेडूतला मानूस काय आपल्या घरात येऊन बसलेला असतो व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

विज्ञानातल्या गुणांचा इथं उपयोग झाला नाही. "मी असल्या ठिकाणी जाणार नाही," एवढं बोलून हे बाहेर गेले. मामंजी गोठ्यात होते, त्यांच्या कानावर सगळं गेलं असणार. पण त्यांनी ना जा म्हटलं ना नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगण झाडायला उठले तर हे घरात नव्हते. ट्रॅक्टरचं बघायला गेले असतील असं मला वाटलं. मग दाराशी त्यांच्या वहाणा दिसल्या. माझा मॅट्रिक नवरा अनवाणी गेला होता. थोड्या वेळानं मामंजी तोंड धुवायला बाहेर आले. वहाणा त्यांनाही दिसल्या. त्यांनी त्या उचलल्या, झटकल्या आणि भिंतीच्या कडेला नीट जोडीनं लावून ठेवल्या.

त्या सकाळी न्याहारीला मामंजींनी अर्धी भाकरी खाल्ली.

सासूबाईंनी मला चुलीपाशी ओढून कानात सांगितलं, "पोचला बघ त्यो तिकडं! गुन आला!" बैल जागचा हलला नव्हता. आणि वाटेचं अंतर बघितलं तर हे अजून वैदाच्या दारातही पोचले नसावेत. पण गुण कुणाला आला आहे ते मला दिसत होतं आणि तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं.

दिवस कलता हे परत आले. कुणाशी अक्षर बोलले नाहीत, तडक गोठ्यात जाऊन डाव्याच्या शिंगाला हात लावला आणि मगच तोंड उघडलं. हासुद्धा वैदाचा नियम. वाटेत त्यांचा एक शाळासोबती भेटला होता आणि ह्यांनी त्याला नुसते हातवारे करून दाखवले होते. त्यामुळं ह्यांची वाचा गेल्याची बातमी गावात ह्यांच्या आधी पोचली होती.

तोंड इतकं कडू झालं होतं की पहिला गुळाचा खडा ह्यांनी नुसता गिळला. मग चुलीपाशी बसून खालच्या आवाजात मला सांगितलं. वैदानं त्यांना कडुलिंबाचा पाला पाण्याशिवाय चावायला लावला. मग पायाला राख चोळली. मग अंगणात, चार बायामाणसं बघत असताना, बैलासारखं गुडघ्यांवर आणि हातांवर बसवलं आणि पाठीवर थाप मारून "ऊठ!" म्हणून ओरडला. हे उठले. वैद म्हणाला, इतक्या चटकन नाही, आजारी जनावर इतक्या चटकन उठतं का? मग पुन्हा बसवलं. मी तोंडात पदर कोंबून हसत होते. "हस," हे म्हणाले, "पण आबांना हे सांगू नकोस. त्यांना वाटू दे, मी मनापासून गेलो." "आणि तुम्ही कसे गेलात?" मी विचारलं. त्यावर ते आणखी एक गुळाचा खडा मागून बसले.

इथवर सगळं ठीक होतं. मग सासूबाईंनी उलटतपासणी घेतली.

"त्येनं काय काय इचारलं?"

"काही नाही. बैल का गाय, आणि मग उजवा का डावा."

"आन तू काय सांगितलंस?"

"उजवा."

सासूबाईंच्या हातातली काठवट खाली आली. "अरं मुडद्या! आपला डावा बसलाय की!"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बैल उजव्या पायानं लंगडत होता. वैद पायाचं विचारतो आहे असं ह्यांना वाटलं होतं. वैदाला पायाशी काय करायचं होतं? तो बैल विचारत होता. म्हणजे एवढी पायपीट, एवढा पाला, चार बायामाणसांदेखत एवढी उठबस, आणि औषध गेलं ते दारापाशी रवंथ करत उभ्या असलेल्या ठणठणीत बैलाला. औषधावर ज्यांचा काडीचा विश्वास नव्हता ते आमचे हे कपाळाला हात लावून बसले. औषध खोटं असलं तरी ते चुकीच्या पत्त्यावर जाऊ नये, असं माणसाला वाटतंच.

पुन्हा जाण्याची सोय नव्हती. एका घराला वैद वर्षातून एकदाच औषध द्यायचा. सासूबाईंनी थोडा विचार केला आणि अशी तोड काढली की त्या शिकल्या असत्या तर वकील झाल्या असत्या. औषध उजव्याच्या नावानं निघालंय ना? मग डाव्याला उजव्याच्या खुंट्याला बांधायचं. जो उजवीकडं तो उजवा. औषध आपोआप बरोबर जागी येईल.

शेजारची माणसं बोलावली. पोती पोटाखालून घातली, वासे लावले, आणि हो-हो करत त्या धुडाला आतल्या ओल्या कोपऱ्यातून ओढत दारापाशी कोरड्यात आणलं. आणताना त्याची कूस बदलली ती वेगळीच. मी दोन दिवसांपासून हेच सांगत होते, पण माझ्या सांगण्यात मंत्र नव्हता. उजव्याची रवानगी ओल्या कोपऱ्यात झाली. त्यानं रात्रभर फुरफुरून गोठा डोक्यावर घेतला. सासूबाईंच्या मते दुसऱ्याचं औषध अंगात गेल्यामुळं. माझ्या मते जागा गेल्यामुळं.

सकाळी डावा उठला. आधी मागचा भाग उचलला, थोडा डुलला, मग पुढचे पाय सावरले आणि मामंजींच्या हातातली कडब्याची पेंढी ओढली. मामंजी त्याच्या मानेला मिठी मारून उभे होते.

यश कुणाचं यावर घरात बराच वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, औषधाचं. हे म्हणाले, तिव्याचे तीन दिवस भरले होते, उठणारच. मी म्हणाले, कोरडी जागा. फक्त बैलाचं मत कुणी विचारलं नाही. आपल्यासाठी कुणी पाला खाल्ला याचा त्याला पत्ताच नव्हता. औषधावरचा विश्वास असा बैलाकडं नसतो, आणि तरीही घरात त्या औषधानं काहीतरी झालं होतं, हे मलाही नाकारता येईना. मामंजी आदल्या रात्री पोटभर जेवले होते, तेव्हा बैल अजून आडवाच होता.

आणखी दोन दिवस डाव्याला विसावा दिला. वाफसा अजून होता, पण जेमतेम. तिसऱ्या दिवशी मामंजींनी पाभर बाहेर काढली, स्वतः बैल सोडून आणले आणि डाव्याला सरळ उजवीकडं उभं केलं. ह्यांनी एकदा बैलांकडं बघितलं, एकदा मामंजींकडं, आणि जू मानेवर ठेवलं.

मला राहवलं नाही. पाणी द्यायच्या निमित्तानं मी ह्यांना गाठलं. "आता तर तो उठलाय. परत डावीकडं जुंपायला काय हरकत आहे? रांगा वाकड्या येतील."

"येऊ देत," हे म्हणाले. "आबांना वाटतंय, उजवीकडं आहे म्हणून उठलाय. डावीकडं घेतला आणि ते पुन्हा जेवायचे थांबले तर? रांग वाकडी आली म्हणून कणीस काय वाकडं लागतं?" औताच्या सरळ तासासाठी, म्हणजे सरळ रेघेसाठी, ज्यांचं नाव घेतलं जायचं ते हे बोलत होते. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि तो सांगायला तिथं जागा नव्हती.

दुपारी भाकरी घेऊन मी रानात गेले तर काळ्या रानात पाभरीच्या रेघा अशा गेल्या होत्या, की बघवत नव्हतं. दोन्ही बैल आपापल्या जुन्या बाजूला ओढत होते. बांधावरून जाणारा शेजारी थांबला आणि ओरडला, "काय मॅट्रिक, पेरताय का रांगोळी काढताय?"

"बैल आजारातून उठलाय, सांभाळून घेतोय," हे म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला विहिरीकडं घेऊन गेले.

मामंजी बांधावर येऊन बसले. मी भाकरी आणि पिठलं वाढलं. ते चवीनं जेवत होते, पण नजर त्या रेघांवर होती. मी म्हटलं, "मामंजी, बैल पुन्हा आपल्या जागी घेतले तर नीट पेरून होईल."

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी विहिरीकडं बघितलं, आणि हे लांब आहेत याची खात्री करून घेतली. "सूनबाई, तिवा काय मला नवा हाय व्हय? तीन दिस भरलं की जनावर आपसूक उठतंय. माझ्या बापाच्या टायमाला बी उठायचं."

मला धक्काच बसला. "मग तुम्ही जेवत का नव्हता?"

भाकरीचा तुकडा त्यांनी पिठल्यात उगाच फिरवला. "त्यो टॅक्टर आनतो म्हनला. म्हटलं, आता आपलं काय काम? मंग त्येच्या वहाना दिसल्या दारात. त्येचा काडीचा इस्वास न्हाई, आन तरी गेला. कुनासाठी गेला? बैलासाठी व्हय?" त्यांनी तुकडा तोंडात घातला. "आता म्या म्हनलं, डावा डावीकडं घे, तर त्येला वाटंल आपुन उगाच पाला खाल्ला. लई कडू असतोय त्यो. त्येला सांगू नगंस."

मला हसू आलं. तिकडून आमचे हे बैल घेऊन परत येत होते, त्यांनीही मला हेच बजावलं होतं. मी दोघांनाही नाही सांगणार म्हणून शब्द दिला आणि रिकामी दुरडी घेऊन उभी राहिले.

जू पुन्हा मानेवर चढलं. ह्यांनी कासरा धरला, मामंजींनी ओटीत ज्वारी भरून घेतली आणि चाड्यावर मूठ ठेवली. पाभर निघाली ती निघाल्या निघाल्याच बांधाकडं वळली.

"सरळ चाललीय रं," मामंजी मागून म्हणाले. "हाक तशीच."

"व्हय, आबा," हे पुढून म्हणाले.